रॉबर्टचा बॉब कसा झाला?

पहिल्या नोकरीत माझी चांगलीच फजिती झाली होती. मेल यायचे रॉबर्टचे, कॉलवर बोलायचा बॉब. एकदा मी बॉबलाच म्हटलं, 'हे जरा रॉबर्टना विचारून सांगाल का?' तो हसला. 'अहो, रॉबर्ट मीच!'

मग मी शोधायला बसलो. रॉबर्ट हे जुनं जर्मानिक नाव, दोन शब्द जोडून झालेलं. एकाचा अर्थ कीर्ती, दुसऱ्याचा तेजस्वी. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि त्यांच्याबरोबर हे नाव तिथे रुजलं.

तेव्हा तिथे मोजकीच नावं चालायची, त्यामुळे एकाच गावात रॉबर्ट बरेच. मग रॉबर्टचा रॉब, आणि रॉबला यमक जुळवून हॉब, डॉब, बॉब! आपण 'चहाबिहा' म्हणतो ना, कानाला तसाच खेळ. विल्यमचा विल आणि विलचा बिल, मार्गारेटची मेग आणि मेगची पेग, सगळे याच वाटेने आले.

हॉब आणि डॉब आता ऐकू येत नाहीत. पण हॉब्सन, डॉब्सन या आडनावांत ते अजून आहेत, कारण हॉब्सन म्हणजे हॉबचा मुलगा.

तेव्हा कॉलवर बिल भेटला, तर विल्यमला शोधत बसू नका. माझं झालं तेवढं पुरे! भेटूया पुढच्या भागात.