पायाशी चेंडू, हाती पुस्तक

फुटबॉलचा खेळ तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल, काहींनी नुसता ऐकला असेल. खेळ समजायला सोपा आहे. एका बाजूला अकरा गडी, दुसऱ्या बाजूला अकरा गडी. चेंडू पायाने मारायचा, हात लावायचा नाही. मैदानाच्या दोन्ही टोकांना दोन-दोन खांब रोवून वर आडवी दांडी बसवलेली असते. ही चौकट 24 फूट रुंद आणि 8 फूट उंच असते. समोरच्यांच्या चौकटीत चेंडू घातला की एक गोल झाला. दीड तास खेळ चालतो. ज्यांचे गोल जास्त, ते जिंकले.

अकरा जणांत ज्याचे त्याचे काम ठरलेले असते. एक जण चौकट राखतो. काही जण मागे राहून हल्ला अडवतात. एक-दोघे अगदी पुढे असतात. गोल करणे हे त्यांचे काम. त्यांना 'स्ट्रायकर' म्हणतात. आपण त्यांना आघाडीचे गडी म्हणू.

आघाडीच्या गड्याकडे चेंडू फार थोडा वेळ येतो. पण आला की चुकून चालत नाही. वाफसा आला की पेरावं लागतं. चार दिवस दवडले, तर हंगाम हातचा जातो. तसेच ह्या गड्याचे असते.

आज आम्ही तुम्हाला अशाच एका खेळाडूची हकीकत सांगणार आहोत. ही खेळाडू बाई आहे. तिचे नाव नादिया नदीम. युरोपात जर्मनीच्या उत्तरेला डेन्मार्क नावाचा लहानसा देश आहे. त्या देशाच्या संघातून ती शंभराहून अधिक सामने खेळली. पण तिचा जन्म मात्र डेन्मार्कचा नव्हे.

शाळेचे दार बंद झाले

नादिया 1988 साली अफगाणिस्तानात हेरात शहरी जन्मली. वडील सैन्यात मोठे अधिकारी होते. घरात पाच मुली. चेंडूची ओळख वडिलांनीच करून दिली.

1995 साली हेरात शहर तालिबान नावाच्या हत्यारबंद लोकांच्या हाती गेले. त्यांनी मुलींच्या शाळा बंद केल्या. बायकांना घराबाहेर काम करायला मनाई केली. घरच्या पुरुषाशिवाय बाईने रस्त्यावर फिरायचे नाही, असा हुकूम काढला.

2000 साली तालिबानने नादियाच्या वडिलांना नेले आणि ठार मारले. आता घरात पुरुष उरला नाही. आईने बाहेर जायचे नाही, कमवायचे नाही, मुलींनी शिकायचे नाही. मग जगायचं कसं?

आईने देश सोडायचे ठरवले. पाचही मुलींना घेऊन ती पाकिस्तानात आली. तिथून खोट्या कागदपत्रांवर विमानाने इटलीला गेली. पुढचा प्रवास मालमोटारीतून, लपून. त्यांना जायचे होते लंडनला. मालमोटारीतून उतरल्या तेव्हा कळले की हा देश डेन्मार्क आहे! ओळखीचे कोणी नाही, भाषा येत नाही. तिथल्या सरकारने त्यांना निर्वासितांच्या छावणीत ठेवून घेतले.

पुन्हा पहिल्यापासून

नादिया तेव्हा बारा वर्षांच्या आसपास होती. तिच्या देशातली लिपी उजवीकडून डावीकडे लिहितात. डेन्मार्कची लिपी डावीकडून उजवीकडे जाते. तिच्यात 29 अक्षरे आहेत. म्हणजे पहिल्या अक्षरापासून पुन्हा सुरुवात. आपल्या वयाची मुलं भराभर वाचतात आणि आपण अक्षर लावत बसतो, तेव्हा मनाला काय वाटतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. नादिया शिकत राहिली. पुढे ती अनेक भाषा बोलू लागली.

छावणीजवळ फुटबॉलचे मैदान होते. तिथे मुली खेळत. मुली उघड्या मैदानात, सगळ्यांदेखत खेळतात, हे तिने पहिल्यांदाच पाहिले. मलाही खेळायचे आहे, असे तिने ठरवले. पुढे ती ऑलबोर्ग शहरातल्या एका क्लबातून खेळू लागली.

तिला डेन्मार्कचे नागरिकत्व मिळाले. तरी देशाच्या संघात शिरताना एक नियम आडवा आला. फिफा ही फुटबॉलची जागतिक संस्था. बाहेरून आलेल्या खेळाडूने वयाच्या अठराव्या वर्षानंतर पाच वर्षे त्या देशात राहिले पाहिजे, असा तिचा नियम होता. डेन्मार्कच्या फुटबॉल संघटनेने दाद मागितली. ही मुलगी हौसेने देश बदलून आलेली नव्हती, जीव वाचवायला आली होती. फिफाने सवलत दिली. 2009 साली नादिया डेन्मार्कच्या संघातून पहिला सामना खेळली.

पुढे खेळ हाच तिचा रोजगार झाला. अमेरिका, इंग्लंड, फ्रान्स, इटली अशा देशांतल्या क्लबांनी तिला पगार देऊन घेतले. फ्रान्समध्ये लिओं शहराच्या क्लबाने लागोपाठ चौदा वर्षे अजिंक्यपद सोडले नव्हते. 2021 साली पॅरिसच्या क्लबाने ते घेतले. नादिया त्या पॅरिसच्या क्लबात होती.

2017 सालचे सामने

2017 साली युरोपातल्या देशांची महिला स्पर्धा नेदरलँड्समध्ये झाली. डेन्मार्कची गाठ जर्मनीशी पडली. जर्मनीने ही स्पर्धा आधी लागोपाठ सहा वेळा जिंकलेली. ठरल्या दिवशी पाऊस असा कोसळला की मैदानात पाणी साचले. सामना दुसऱ्या दिवशी झाला. जर्मनीने पहिला गोल केला. मग नादियाने डोक्याने चेंडू मारून बरोबरी साधली. शेवटी डेन्मार्कने दोनास एक अशी बाजी मारली.

अंतिम सामना नेदरलँड्सशी होता. सहाव्या मिनिटाला डेन्मार्कला पेनल्टी मिळाली. पेनल्टी म्हणजे काय? एका बाजूने आपल्या चौकटीसमोर आगळीक केली, तर दुसऱ्या बाजूच्या एका गड्याला 36 फुटांवरून चेंडू मारायला मिळतो. समोर एकटा चौकट राखणारा. बाकी सगळे लांब. ते काम नादियाने केले आणि गोल झाला. पण शेवटी नेदरलँड्स चारास दोनने जिंकले. डेन्मार्क दुसरा आला.

मजुरीचा प्रश्न

इतके होऊनही संघातल्या मुलींना मिळणारे मानधन तुटपुंजे होते. मानधन वाढावे, सोयी सुधाराव्यात, अशी त्यांची मागणी होती. संघटनेशी बोलणी फिसकटली. ऑक्टोबर 2017 मध्ये स्वीडनविरुद्धचा सामना झालाच नाही. तो सामना जागतिक स्पर्धेच्या निवडीचा होता. न खेळताच स्वीडनला विजय मिळाला. पुढच्या महिन्यात तडजोड झाली. पण 2019 सालच्या जागतिक स्पर्धेत डेन्मार्कला जागा मिळाली नाही. हक्क मागताना नुकसानही सोसावे लागते, ते ह्या मुलींनी सोसले.

दुसरी कमाई

आघाडीच्या गड्याची कमाई पायांवर असते. वय वाढते, पाय थकतात. एखादी दुखापत झाली की सगळे थांबते. हे ओळखून नादियाने खेळता खेळता आरहूस शहरातल्या विद्यापीठात डॉक्टरकीचा अभ्यास धरला. खेळाचा हंगाम संपला की पुस्तके आणि रुग्णालय. हंगाम सुरू झाला की पुन्हा मैदान. त्यामुळे शिक्षणाला वर्षे जास्त लागली. लागेनात! सप्टेंबर 2021 मध्ये अमेरिकेत खेळताना तिच्या गुडघ्यातला बंध तुटला. खेळ थांबला. पण जानेवारी 2022 मध्ये ती डॉक्टर झाली.

त्याच वर्षी मोठा घाव बसला. नोव्हेंबर 2022 मध्ये ती कतार देशात पुरुषांच्या जागतिक स्पर्धेवर दूरदर्शनसाठी बोलत होती. त्या दिवशी डेन्मार्कचा सामना होता. तेव्हाच तिची आई मालमोटारीच्या धडकेने गेली. पाच मुलींना आगीतून बाहेर काढणारी ती आई.

आपल्या घरी

2019 साली 'युनेस्को' ह्या जागतिक संस्थेने मुलींच्या शिक्षणाच्या प्रचारासाठी नादियाची निवड केली. पण तिच्या जन्मभूमीत 2021 साली तालिबान पुन्हा सत्तेवर आले. सहावीच्या पुढे मुलींच्या शाळा पुन्हा बंद झाल्या. नादियासारख्या किती मुली तिथे घरात बसल्या असतील, त्याची मोजदाद कोण करणार?

आपल्या गावात शाळेचे दार कोणी बंद केलेले नाही. तरी काही घरांतल्या मुली धाकटे भावंड सांभाळायला, नाहीतर गुरांमागे म्हणून शाळेतून काढल्या जातात. आम्ही एवढेच म्हणतो. पुस्तक असो की चेंडू, तो मुलीच्या हाती पडू द्या. हाती पडल्यावाचून कुणाच्या अंगी काय आहे, ते कसं कळायचं?