तेल गेलं, रॅक राहिला

नव्वदच्या दशकात धाराशिव जिल्ह्यात चारचाकी चालवणं हे निम्मं खांद्याचं काम होतं. उमरगा-लोहारा पट्ट्यात माणसं कोंबून धावणारी काळी-पिवळी जीप असो की साहेबांची अँबॅसेडर, उभ्या गाडीचं चाक फिरवायचं तर ड्रायव्हर सीटवरून अर्धा उठायचा. 1983 च्या डिसेंबरात आलेल्या मारुती 800 लाही पॉवर स्टिअरिंग नव्हतं. गाडीच हलकी, म्हणून भागून गेलं.

मग क्वालिस, बोलेरो, इंडिका अशा गाड्यांबरोबर तेलावरचं पॉवर स्टिअरिंग आलं. इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा पंप, तेलाची डबी, दाबाचे होज पाईप. चाकं वळवणाऱ्या आडव्या रॅकचं सील गेलं की रात्री उभ्या केलेल्या गाडीखाली सकाळी लालसर डाग दिसायचा. मिस्त्री सील किट टाकायचा, तेल भरायचा, हवा काढायचा. दुखणं डोळ्यांना दिसायचं, म्हणून औषधही गावातच मिळायचं.

विजेवर चालणारं पॉवर स्टिअरिंग त्याच सुमारास दाखल झालं. जपानात सुझुकीने ते 1988 मध्ये सर्वो नावाच्या चिमुकल्या गाडीत बसवलं होतं. आपल्याकडे नव्या शतकाच्या पहिल्या वर्षांत ते वॅगन आर, अल्टोच्या वर्गात दिसू लागलं. पंप गेला, पट्टा गेला, तेल गेलं. स्टिअरिंगच्या दांड्यातली एक बारीक सळई हाताच्या जोराने किंचित पिळली जाते, सेन्सर तो पीळ मोजतो, कंट्रोलर हिशेब करतो आणि मोटर तेवढाच हातभार लावते. मोटर बंद पडली तरी चाकांशी असलेला जोड तुटत नाही. स्टिअरिंग फक्त दगडासारखं जड होतं. हे ठाऊक नसल्याने डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला की अनेकांना गाडी आता हातातून जाणार असं वाटायचं.

गल्लत इथेच झाली, आणि ती पंचवीस वर्षं टिकून आहे. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत ही मोटर डॅशबोर्डखाली, दांड्यावर असते. खाली चाकांमध्ये आडवा असतो तो रॅक निव्वळ यांत्रिक: दातेरी दांडा, पिनियन, बुश, दोन्ही टोकांना रॅक एंड आणि त्यांवर रबरी बूट. खड्ड्यात खटखट वाजली की मालक म्हणतो, ‘इलेक्ट्रिक स्टिअरिंग गेलं.’ वाजत असतो बुश किंवा टाय रॉड एंड. मोटर रॅकवरच बसवलेली असते ती वरच्या किमतीच्या गाड्यांत, आणि तिथे अख्खी असेंब्ली बदलण्याचा खर्च खरोखर डोळे पांढरे करतो.

जिल्ह्याच्या रस्त्यांनी रॅकला दोन प्रकारे वागवलं. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव-येडशी हा जुना 211 क्रमांकाचा महामार्ग आज 52 क्रमांकाचा आहे आणि चौपदरी झाला आहे. तिथे रॅकला त्रास नाही. त्रास आहे तो गावात शिरणाऱ्या शेवटच्या टप्प्यात, उसाच्या ट्रॉल्यांनी उखडलेल्या वाटांवर. काळ्या मातीचा चिखल फाटक्या बुटातून आत शिरतो, ग्रीसमध्ये कालवतो आणि दांडा घासत राहतो. बूट म्हणजे साधं रबर, पण सर्व्हिसिंगला गाडी वर उचलली असताना तो बोटांनी चाचपून पाहणारा मालक माझ्या तरी फारसा पाहण्यात नाही. वॉशिंग मात्र सगळे न चुकता करून घेतात!

नवरात्रात तुळजापूरच्या वाहनतळावर मोटरची परीक्षा होते. जागेवरच चाक फिरवायचं, शेवटापर्यंत नेऊन तसंच दाबून धरायचं, आणि मागून हॉर्न. मोटर तापते, मग कंट्रोलर स्वतःच मदत कमी करतो. थोडा वेळ थांबलं की स्टिअरिंग पुन्हा हलकं. बॅटरी उतरली, तिची टोकं गंजली किंवा अर्थची वायर सैल झाली, तरी डॅशबोर्डवरचा तोच पिवळा दिवा लागतो. तो विझवण्यासाठी चांगली मोटर बदलल्याच्या कहाण्या गॅरेजांतून ऐकायला मिळतात.

रॅक काढायचं तंत्र फारसं बदललं नाही, पथ्यं वाढली. चाकं सरळ, स्टिअरिंग बांधून ठेवलेलं, बॅटरीची निगेटिव्ह वायर सुटी. स्टिअरिंग मोकळं फिरलं तर एअरबॅगची गुंडाळी वायर तुटते, हे जुन्या हातांना नुकसान झाल्यावर कळलं. टाय रॉड एंड किती आटे फिरून निघाला ते मोजून ठेवायचं, नंतर अलाइनमेंट करायचं, आणि जिथे लागेल तिथे स्कॅनर लावून सेन्सरला सरळ दिशा शिकवायची. हे शेवटचं काम टाळलं की गाडी एका बाजूला ओढते आणि बोल नव्या रॅकला बसतो.

सप्टेंबर 2025 च्या पुरात परंडा-भूम भागात पाणी घरादारांत घुसलं. पाण्यात राहिलेल्या गाडीत दांड्यावरच्या मोटरचे, कंट्रोलरचे प्लग ओले होतात आणि बुटात गाळ बसतो. अशी गाडी चालू झाली म्हणून वापरात घेऊ नये. आधी बॅटरी सोडवावी, प्लग उघडून वाळवावेत, बूट काढून रॅक पुसून ग्रीस करावा. गंज लगेच दिसत नाही.

आणि दोष कधी कारखान्यातूनच येतो. 2024 च्या ऑगस्टात मारुतीने अल्टो के10 च्या 2,555 गाड्या स्टिअरिंग गिअरबॉक्समधल्या संभाव्य दोषासाठी परत बोलावल्या आणि भाग बदलेपर्यंत त्या चालवू नका असं मालकांना सांगितलं. त्या काळातली के10 कुणी जुन्या बाजारात घेत असेल, तर चासी नंबर देऊन हे काम झालंय का ते सर्व्हिस सेंटरला विचारावं. त्याला पैसे पडत नाहीत.