उलट्या दिशेने कॉलेजला

सकाळी पावणेआठला माझी मैत्रीण घरातून निघते. कॉलेज शहरात आहे. ती स्टेशनच्या एक नंबर प्लॅटफॉर्मवर येते आणि लोकल पकडते ती शहराच्या बरोब्बर उलट दिशेची. तीन स्टेशनं पुढे जाऊन उतरते. तिथली लिफ्ट चालू आहे, म्हणून लिफ्टने वर, पुलावरून पलीकडे, लिफ्टने खाली, आणि मग शहराकडची गाडी. ही गाडी थोड्या वेळाने थांबते ती थेट तिच्या घराजवळच्या स्टेशनवर. जिथून ती निघाली होती तिथेच, फक्त आता दोन नंबरला.

एक नंबरवरून दोन नंबरवर जायला तिला जवळजवळ पाऊण तास लागतो. आपल्याला दोन मिनिटं लागतात.

ती व्हीलचेअर वापरते आणि आमच्या स्टेशनची लिफ्ट बदलण्याचं काम सुरू आहे. मुंबईच्या लोकलने रोज जाणाऱ्यांना प्लॅटफॉर्मचं गणित पाठ असतं. आमच्याकडे एक नंबर रस्त्याला लागून आहे, रॅम्पवरून सरळ आत येता येतं. पण तिथे लागतात शहराकडून येणाऱ्या धीम्या गाड्या. शहराकडे जाणारी धीमी गाडी दोन नंबरला, रुळांच्या पलीकडे. मधे पादचारी पूल. एका बाजूच्या पायऱ्या ४६, मी मोजल्या. संध्याकाळी घरी येताना तिला काहीच अडचण नसते, गाडी एक नंबरलाच येते. सगळी गोची सकाळची.

लिफ्ट बदलूच नये असं तिचंही म्हणणं नाही. स्टेशनवरची लिफ्ट सोसायटीतल्या लिफ्टसारखी आरामात जगत नाही. पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत चालते, दार बंद होताना कोणी पाय घालतं, कोणी बॅग. पावसाळ्यात पाणी, बाकी वर्षभर धूळ. कधीतरी केबिन, दोर, दरवाजे, पॅनेल सगळं काढून नवं बसवावंच लागतं आणि हे काम दोन दिवसांत होत नाही. तिची तक्रार वेगळीच आहे. ‘‘बोर्ड वाच ना,’’ ती मला म्हणाली. बोर्डवर लिहिलं होतं : कामासाठी लिफ्ट बंद आहे, गैरसोयीबद्दल क्षमस्व. बास. कधीपर्यंत बंद, तोवर काय करायचं, लिफ्ट चालू असलेलं जवळचं स्टेशन कोणतं, यातलं काही नाही. बोर्डही लागला तो काम सुरू झालं त्या दिवशी. तिला कळलं ते लिफ्टच्या दारासमोर, पहिल्या लेक्चरला निघालेली असताना.

त्या दिवशी चार मुलांनी तिला खुर्चीसकट उचलून पूल पार करून दिला. चांगली मुलं होती, धावत आली. ‘‘ताई, टेन्शन नका घेऊ,’’ म्हणाली आणि उचललंच. विचारलं नाही. मधल्या वळणावर एकाचा हात सटकला, खुर्ची तिरकी झाली. ती पडली नाही. पण त्यानंतर तिने ठरवलं, पुलावर उचलून जायचं नाही. ‘‘अगं, मी काय पार्सल आहे का?’’ हे ती हसत म्हणते, तरी मला त्यावर हसता येत नाही.

मग घरी चर्चा झाली आणि आई म्हणाली, मी येते तुझ्यासोबत. खरं नुकसान हे आहे. बारावीपर्यंत आई रोज सोबत असायची. एफवायला आल्यावर ती पहिल्यांदा एकटी लोकलने गेली, आणि ते शक्य झालं लिफ्टमुळे. चढता-उतरताना फटीपाशी कोणाला तरी हाक मारावी लागते, तेवढंच. परत आई सोबत म्हणजे तिच्यासाठी तीन वर्षं मागे जाणं. आईची नोकरी आहे, ते वेगळंच. म्हणून तिने हा उलटा रस्ता शोधून काढला. रेल्वेचा नकाशा उघडून, वेगवेगळ्या स्टेशनांवर जाऊन लिफ्ट चालू आहे का ते स्वतः बघून. पास वाढवून तीन स्टेशनं पुढचा काढला, नाहीतर रोज विनातिकीट ठरली असती.

पासवरून आठवलं. रेल्वेच्या सवलतीच्या नियमांत अस्थिव्यंग प्रवाशांचा जो वर्ग आहे, त्याचं वर्णनच ‘सोबतीशिवाय प्रवास करू न शकणारे’ असं आहे. त्यांना मासिक पासवर ५० टक्के सवलत मिळते, आणि सोबतच्या एका माणसालाही. सवलत चांगलीच आहे. पण त्यात सोबतीचा माणूस आधीच धरलेला आहे. एकटीने जाणारी मुलगी त्या वाक्यात कुठे बसते?

कायद्यात ती बसते. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे. स्टेशनं, बसथांबे, गाड्या सुगम असाव्यात हे त्याच्या कलम ४१ मध्ये आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी यांच्या याचिकेवर निकाल देताना सांगितलं, की सुगम्यतेचे निकष नुसते शिफारसवजा राहून चालणार नाही, बंधनकारक हवेत. ब्रिटनमध्ये स्टेशन दिव्यांग प्रवाशाला वापरता येत नसेल, तर वापरता येईल अशा स्टेशनपर्यंत नेणारी टॅक्सी रेल्वे कंपनीला आपल्या खर्चाने द्यावी लागते. इथे लगेच टॅक्सी द्या असं कोणी म्हणत नाहीये (मुंबईत सकाळी आठला टॅक्सीने ती पोचणार कधी, हाही प्रश्नच). पण महिनाभर आधी तारीख सांगायला, जवळचं लिफ्ट असलेलं स्टेशन बोर्डवर लिहायला आणि तेवढ्या काळासाठी जुन्याच पासवर तिथपर्यंत जाऊ द्यायला फार पैसे लागत नसावेत.

एक दिवस मीही तिच्यासोबत उलटी गेले. त्या लिफ्टसमोर रांग होती. गुडघ्याला पट्टा बांधलेल्या एक आजी, मोठी बॅग घेतलेला मुलगा, आणि तोंडाला मास्क लावलेले एक काका, हातात हॉस्पिटलची फाइल. दिव्यांगांच्या डब्यातून कॅन्सरचे रुग्ण आणि गरोदर महिलाही जाऊ शकतात, त्यामुळे आमच्या स्टेशनची लिफ्ट बंद झाल्यावर अडलेली ती एकटी असणं शक्यच नाही. ती वाट काढू शकली, कारण ती बावीस वर्षांची आहे आणि तिच्याकडे फोनमध्ये नेट आहे.

खिडकीवर जाऊन मी विचारलं, लिफ्ट कधी सुरू होणार? ‘‘काम चालू आहे मॅडम.’’ साधारण कधी? ‘‘सांगता येत नाही.’’ १३९ वर तिने तक्रार नोंदवली होती. तक्रार निकाली काढल्याचा मेसेज आला. उत्तर तेच, काम प्रगतिपथावर आहे.

परीक्षा पुढच्या आठवड्यात सुरू होतेय. पेपर साडेदहाचा, ती सव्वासातला निघणार आहे. मी म्हटलं, एवढ्या लवकर कशाला? ती म्हणाली, ‘‘तीन स्टेशनं पुढची लिफ्ट हल्ली वर जाताना मधेच झटका देते. ती पण बंद पडली, तर अजून चार स्टेशनं पुढे जायला लागेल ना.’’