दोन पोती माती

रविवारी गृहस्थाने काय करावे, हे आपल्या शास्त्रकारांनी कुठे सांगून ठेवलेले नाही. सांगणार तरी कसे? रविवारची सुट्टी ही त्यांच्या फार नंतरची गोष्ट. ठाण्यात जन्मलेल्या नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणीकामगारांसाठी ती मागितली, आणि १८९० च्या जूनमध्ये मुंबईच्या गिरणीमालकांनी ती एकदाची मान्य केली. सुट्टी मिळाली, तिचे करायचे काय, हा प्रश्न मात्र ज्याने त्याने सोडवायचा राहिला.

ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या आम्हा मंडळींना तो जरा जडच जातो. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला आगगाडी आली, पुढच्याच वर्षी ती कल्याणला पोचली, आणि तेव्हापासून इकडच्या माणसाचे आयुष्य वेळापत्रकाला बांधले गेले. आठवडाभर मिनिटांवर जगणाऱ्या माणसाच्या हाती एक अख्खा दिवस ठेवला की तो गांगरून जातो. त्यातून रविवारी बहुधा मेगाब्लॉक असतो. लोक त्याला नावे ठेवतात. मी मात्र तो रेल्वेने गृहस्थाश्रमावर केलेला उपकार समजतो. घरातला पुरुष घरात सापडतो तो त्या दिवशी.

माझ्या वडिलांना, अण्णांना, रविवारचा प्रश्न कधी पडला नाही. डोंबिवलीहून फोर्टातल्या एका कचेरीत त्यांनी छत्तीस वर्षे नोकरी केली. सहा दिवस आम्हां मुलांना त्यांची भेट व्हायची ती रात्रीच्या ताटावर. रविवारी मात्र सकाळीच त्यांची हत्यारांची पेटी बाहेर निघे. शेजाऱ्यांच्या छत्र्या, आमच्या शाळेच्या पेट्या, एका बाजूला किंचित कललेली पुस्तकांची मांडणी, कामट्या आणि जिलेटीनचा कागद लावून केलेला आकाशकंदील, असे त्यांचे रविवारचे उद्योग. आणि दसरा झाला की पुढचे रविवार किल्ल्याचे. आमची इमारत दुमजली, पुढे चांगले ऐसपैस अंगण. त्या अंगणात अण्णांनी आमच्याकडून दरवर्षी एक किल्ला बांधून घेतला.

ती इमारत २०२५ च्या उन्हाळ्यात पुनर्विकासासाठी रिकामी झाली. आम्ही भाड्याच्या घरात, नवव्या मजल्यावर गेलो. घर चांगले आहे, वारा भरपूर आहे. पण अण्णा तिथे गेल्यापासून गप्प झाले. आजार नव्हता, डॉक्टरांना दाखवले, सगळे ठीक निघाले. काही विचारले की “बरं आहे” एवढेच उत्तर. भाजीला जाताना जुन्या गल्लीवरून जाणे टाळून ते लांबचा वळसा घेत. हत्यारांची पेटी सुतळीने बांधून आणली होती, ती तशीच पलंगाखाली पडून होती. एकोणऐंशी वर्षांच्या माणसाला “तुम्हाला काय होतंय?” हे किती वेळा विचारणार?

त्याच वर्षी जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. अकरा महाराष्ट्रातले आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. पाचवीतल्या आमच्या मनूने ती यादी पाठ केली, आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी जाहीर करून टाकले, “बाबा, या दिवाळीत आपण किल्ला करायचा.”

मला आनंद झाला. तो दोन दिवस टिकला. कारण किल्ल्याला माती लागते, आणि डोंबिवलीत माती मिळत नाही, हे मला वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी कळले. आमच्या सोसायटीचे आवार भिंतीपासून भिंतीपर्यंत फरसबंद. शेजारची तीच, पलीकडची तीच. झाडेदेखील कुंड्यांत. ५ ऑक्टोबरचा रविवार मातीच्या शोधात गेला. रोपवाटिकेतून पिशवीबंद माती आणली. ती नारळाच्या भुशाची आणि शेणखताची. गुलाबाला उत्तम, पण तिची भिंत उभी केली तर चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी खाली बसली. दुपारी रेतीबंदरला जाऊन खाडीकाठचा गाळ आणला. तो संध्याकाळपर्यंत तडकला आणि त्याचा वास स्वयंपाकघरापर्यंत पोचला. “गाळ तरी घरात राहील किंवा मी तरी,” असे सौ.ने सांगितल्यावर तो जिथला तिथे गेला. शेवटचा उपाय म्हणून बाजारात तयार किल्ला पाहिला. खोक्यातून काढा, टेबलावर ठेवा, झाले! मनूने तो उलटासुलटा करून पाहिला आणि विचारले, “पण बाबा, यात आपण काय करायचं?”

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

१२ तारखेच्या रविवारी सकाळी दूध आणायला निघालो, तो पाय आपोआप जुन्या गल्लीत वळले. आमच्या इमारतीच्या जागी पत्र्याचे कुंपण होते. आत पायाचा खड्डा खणून झाला होता आणि कडेला मातीचा ढीग. वॉचमनला म्हटले, “दोन पोती माती नेऊ का?” तो म्हणाला, “न्या की, साहेब. रोज ट्रक भरून जातेच आहे.” त्याने सहज सांगितले, मला मात्र ते वाक्य रिक्षात बसेपर्यंत पुरले. आमचे अंगण रोज ट्रक भरून कुठेतरी चालले होते.

माती कुठली, हे अण्णांना सांगायचे नाही असे मी ठरवले. मावळलेल्या गोष्टी उकरून काढण्यात काय अर्थ? सोसायटीच्या सेक्रेटरींनी पंपघराजवळचा कोपरा दिला. खाली प्लॅस्टिक अंथरायचे, दिवाळीनंतर जागा धुऊन द्यायची, आणि माती लिफ्टमधून न्यायची नाही, या तीन अटींवर. दुपारी मनू आजोबांना हाताला धरून खाली घेऊन आली. अण्णा खुर्चीवर बसले. थोड्या वेळाने वाकून त्यांनी चिमूटभर माती घेतली, बोटांत चोळली, नाकाशी नेली.

“कुठली आणलीस?”

“मिळाली एके ठिकाणी.”

“पुढच्या अंगणातली आहे,” अण्णा म्हणाले. “मागच्या बाजूला चिकण होती. ही मुरमाड.”

मी मान खाली घातली. आता काय होणार, असे मनात आले. अण्णा काही वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “घरात चाळण आहे का? खडे काढल्याशिवाय ही धरायची नाही.”

चाळण आली. पाठोपाठ पलंगाखालची पेटीही आली.

कोणता किल्ला करायचा, यावर पहिली सभा झाली. मनूला रायगड हवा होता. अण्णा म्हणाले, “रायगड सगळेच करतात. आपण आपला दुर्गाडी करू.”

“पण आजोबा, तो यादीत नाही.”

“यादी करताना त्यांनी आपल्याला कुठे विचारलं होतं?”

मग अण्णांनी तिला कल्याणची गोष्ट सांगितली. २४ ऑक्टोबर १६५७ ला शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली. तोवरचे राज्य डोंगरातले. इथे ते खाडीच्या वाटेने समुद्राला भिडले. याच खाडीवर जहाजे बांधायला सुरुवात झाली आणि त्या कामावर पोर्तुगीज कारागीर लावले होते. मराठ्यांचे आरमार म्हणतात ते इथले, आपल्या दारातले. हे सारे ऐकून मनूने विचारले, “मग आपण तो बघायचा नाही का?” आणि जे अण्णा सहा महिने भाजीपलीकडे गेले नव्हते, ते मंगळवारी नातीला शाळेतून घेऊन परस्पर कल्याणला गेले. टेकडीवर चढले, देवीचे दर्शन घेतले, उरलेसुरले बुरूज मनूच्या वहीत काढून आणले. सौ.ने काळजीपोटी चार वेळा फोन केला, तेव्हा “आम्ही खाडी मोजतोय” असे उत्तर मिळाले!

माझ्या वाट्याला विद्वत्ता आली. रामचंद्रपंत अमात्यांचे ‘आज्ञापत्र’ सुमारे १७१५ सालचे. त्यातले दुर्गप्रकरण मी वर्गात अनेक वर्षे शिकवतो. गड बांधण्याआधी पाणी पाहावे. नसेल तर खडक फोडून टाकी करावी. गडाला एकच दरवाजा असणे हा मोठा दोष. म्हणून आणखी दरवाजे, चोरदिंड्या ठेवाव्या. दारूचे कोठार घरांजवळ नसावे. मी हे सगळे मोठ्या ऐटीत सांगितले. अण्णांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, “मग टाकं आधी बसव.” श्रीखंडाच्या डब्याचे टाके बसले. चोरदिंडी मनूने पंपघराच्या बाजूला काढली. पुढे मी एक बुरूज बांधायला घेतला, तो दोनदा पडला, आणि माझी नेमणूक पाणी भरण्यावर झाली.

किल्ला कसा बांधतात, हे मी तेव्हा पुन्हा शिकलो. तळाला विटांचे तुकडे रचायचे. त्यावर गोणपाट मातीच्या राबडीत बुडवून पसरायचे, म्हणजे डोंगराला आपोआप सुरकुत्या पडतात. पहिला थर रात्रभर वाळू द्यायचा. घाई केली की दुसरा थर पापुद्र्यासारखा सुटतो. बुरूज वाटीच्या साच्यात पाडायचे, पायऱ्या फूटपट्टीच्या कडेने कापायच्या. अळीव ओल्या मातीवर विखरायचे आणि पाणी तांब्याने न ओतता हाताने शिंपडायचे. तीन-चार दिवसांत डोंगर हिरवा होतो.

बुधवारपासून सोसायटीतली आणखी सहा-सात मुले येऊ लागली. त्यांतल्या एकाने आधी विचारले, “हात खराब होतील का?” अण्णा म्हणाले, “होतील.” त्याने क्षणभर विचार केला आणि दोन्ही हात कोपरापर्यंत बुडवले. शुक्रवारी वसुबारसेला सेक्रेटरी पाहणीला आले. आता अट क्रमांक चार निघते की काय, या धास्तीने आम्ही उभे. त्यांनी किल्ल्याला एक फेरी घातली, चष्मा सारखा केला आणि म्हणाले, “तोफ खाडीकडे हवी हो. शत्रू काय पंपघरातून येणार?” मग मांडी घालून त्यांनी ती स्वतःच फिरवली. १९ च्या रविवारी मावळे चढले, महाराज सिंहासनावर बसले, खाडीत कागदी गलबते सुटली.

नरकचतुर्दशीला पहाटे किल्ल्यावर पहिली पणती लावून आम्ही फडके रोडवर निघालो. त्या सकाळी डोंबिवलीचे अर्धे गाव नवे कपडे घालून गणेशमंदिराच्या त्या रस्त्यावर लोटते. वर्षभर न दिसलेली माणसे तिथे भेटतात. वाटेत जुनी गल्ली आली. मी नेहमीच्या वळशाला लागणार, तोच अण्णा आत वळले. पत्र्याच्या फटीतून ते बराच वेळ खड्ड्याकडे पाहत उभे राहिले. मी मागे, मनू त्यांचे बोट धरून.

“खोल खणलंय,” अण्णा म्हणाले. मग थोड्या वेळाने, “पाणी लागलंय बघ तळाला.”

मनूनेही फटीला डोळा लावला. “आधी पाणी बघायचं असतं ना, आजोबा? म्हणजे इथला किल्ला चांगला होणार.”

अण्णा हसले. नवीन घरात गेल्यापासून मी त्यांना असे हसताना प्रथमच पाहिले. पुढे फडके रोडवर त्यांना त्यांचे जुने गाडीतले सोबती भेटले, आणि दुर्गाडीच्या बुरुजांवर त्यांची जी चर्चा रंगली, तिच्यापायी आमचा उपमा दोनदा गार झाला.

तुळशीचे लग्न झाले आणि किल्ला मोडायची वेळ आली. माती टाकायची कुठे? नव्या इमारतीचा नकाशा मी पाहिला आहे. सगळ्या जागेखाली वाहनतळ, आणि बाग वरच्या स्लॅबवर. मोकळी जमीन अशी तिथे उरणार नाही. अण्णांना मी हे सांगितले नव्हते. बहुधा त्यांनी ते माझ्याआधीच ओळखले होते. त्यांनी मुलांकडून माती नीट गोळा करून घेतली, पुन्हा दोन पोत्यांत भरली आणि सुतळीने तोंडे बांधली. लिफ्टची अट सेक्रेटरींनी त्या दिवसापुरती शिथिल केली. ती पोती आता आमच्या गॅलरीत आहेत. कपडे वाळत घालताना सौ.ला अडचण होते, पण ती हलवा असे ती म्हणत नाही. यंदा मनूने विजयदुर्ग ठरवला आहे, आणि दसऱ्याची वाट न पाहता अण्णांनी पहिले पोते सोडलेही आहे.

वाचकांपैकी कोणाचे घर पुनर्विकासाला जात असेल, तर करार नीट वाचा, चटईक्षेत्र मोजून घ्या, भाड्याचे धनादेश वेळेवर घ्या. आणि निघताना अंगणातली दोन पोती माती घ्यायला विसरू नका. तिच्यासाठी चाळण मात्र वेगळी विकत आणा. ही शेवटची सूचना आमच्या सौ.ची आहे, आणि ती छापून आलीच पाहिजे असा तिचा आग्रह आहे.