ओटीपी न विचारणारे चोर

भिलाईच्या टाउनशिपमधल्या भिलाई स्टील प्लांटच्या (बीएसपी) कुठल्याही निवृत्त कर्मचाऱ्याला विचारा, 'ओटीपी कुणाला सांगू नका' हे त्याला तोंडपाठ असतं. बँक सांगते, रिझर्व्ह बँक जाहिरातीतून सांगते, नातवंडंही सांगतात. पीएफ आणि ग्रॅच्युइटीची आयुष्यभराची कमाई खात्यात असते, त्यामुळे तो ऐकतोही. तरी पैसे जातात. कारण हुशार चोरांनी ओटीपी विचारणं आता बरंचसं सोडूनच दिलं आहे.

इंटरनेटवरच्या कार्डव्यवहारांसाठी कार्डावर न छापलेली आणखी एक खूण रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासून सक्तीची केली. पुढे ती खूण म्हणजे मोबाइलवर येणारा आकडा, हे समीकरण पक्कं झालं. सहा अंकांत दहा लाख शक्यता असतात. तीन चुकांनंतर बँकेने दार बंद केलं, तर अंदाजाने आकडा जुळण्याची शक्यता दहा लाखांत तीन. हिशेब चोख आहे, कच्चा आहे तो रस्ता. एसएमएस म्हणजे उघडं पोस्टकार्ड, वाटेत ज्याच्या हाती पडेल त्याला वाचता येतं. जर्मनीत २०१७ मध्ये चोरांनी आधी ग्राहकांचे पासवर्ड मिळवले, मग मोबाइल कंपन्यांना जोडणाऱ्या एसएस-सेव्हन या जुन्या यंत्रणेतून बँकेचे संदेश परस्पर स्वतःकडे वळवले आणि खाती रिकामी केली. ग्राहकांनी कुणाला काही सांगितलंच नव्हतं.

आपल्याकडे एवढा खटाटोपही लागत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर 'आरटीओ चलान' किंवा लग्नपत्रिकेच्या नावाची एपीके फाइल येते. ती उघडली की एक अ‍ॅप बसतं आणि संदेश वाचायची परवानगी मागतं. 'हो' म्हटलं की त्यानंतरचा प्रत्येक ओटीपी चोराकडेही जातो. दुसरा प्रकार कुरिअरवाल्याचा: पार्सल अडकलंय, स्टार-चार-शून्य-एकने सुरू होणारा हा नंबर दाबा. त्याने तुमचे कॉल दुसरीकडे वळतात आणि फोनवर बोलून सांगितला जाणारा ओटीपी तिकडेच ऐकू जातो. असे कोड दाबून कॉल वळवण्याची सोय दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून बंद करायला लावली, ते बरं झालं. तुमच्या नावाने तुमच्याच नंबरचं नवं सिम काढण्याची युक्तीही आहे. तिच्यावर उपाय म्हणून नव्या सिमवर पहिले २४ तास एसएमएस बंद ठेवायचा नियम आला.

सर्वांत अवघड प्रकार बनावट संकेतस्थळाचा. पान हुबेहूब बँकेचं असतं. ओटीपी ग्राहक स्वतःच टाकतो आणि त्याच क्षणी चोर तो खऱ्या बँकेत टाकतो. आपण तो कुणाला 'सांगितला' असं त्याला वाटतच नाही. त्यामुळे सगळा भार ग्राहकाच्या मौनावर टाकणारी ताकीद मला अपुरी वाटते. संदेशात रक्कम किती आणि जाणार कुणाला, हे आकड्याच्या आधी स्पष्ट हवं. तो आकडा त्याच एका व्यवहाराला चालावा आणि काही मिनिटांत निकामी व्हावा. ही कामं बँकेची आहेत.

यंत्रणा सुधारताना गोंधळही होतात. नोंदणी नसलेले व्यावसायिक संदेश गाळणारी चाळणी मार्च २०२१ मध्ये सुरू झाली, तेव्हा खरे ओटीपीच देशभर अडकले आणि दूरसंचार नियामक ट्रायला ती आठवडाभर थांबवावी लागली. सिंगापूरने जुलै २०२४ मध्ये वेगळी वाट धरली. फोनमधल्या बँकेच्या डिजिटल टोकनने ओळख पटवणाऱ्यांसाठी लॉगिनचा ओटीपी तीन महिन्यांत बंद करायचं तिथल्या बँकांनी ठरवलं. आपल्या रिझर्व्ह बँकेने २५ सप्टेंबर २०२५ च्या निर्देशांत एसएमएस हद्दपार केला नाही, पण दुसऱ्या पर्यायांना मोकळी वाट दिली. एखाद्या बँकेने हे निर्देश न पाळल्यामुळे नुकसान झालं, तर ग्राहकाला पूर्ण भरपाई द्यायची. अंमलाची तारीख १ एप्रिल २०२६. माझ्या मते यातलं भरपाईचं कलम सगळ्यांत मोलाचं, कारण स्वतःचा खिसा हलला की सुरक्षा लवकर सुधारते.

भिलाईला मात्र आणखी एका गोष्टीकडे बघावं लागेल. ५ नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्राने बंदी घातलेल्या 'महादेव बुक' या सट्ट्याच्या अ‍ॅपची मुळं याच गावात. त्यातला पैसा इतरांच्या नावावरच्या बेनामी खात्यांतून फिरवला, हा ईडीचा आरोप. अशी खाती भाड्याने घेतली जातात: पासबुक, एटीएम कार्ड आणि खात्याला जोडलेलं सिम, सगळं एकदम. चार पैशांसाठी सिमच देऊन टाकलं की ओटीपीचं कुलूप किल्लीसकट गेलं, आणि पोलिस दार ठोठावतात ते खातेदाराचं.

तेव्हा घरातल्या मोठ्यांच्या फोनमध्ये संदेश वाचायची परवानगी कोणकोणत्या अ‍ॅपला आहे, ते आज जेवणानंतर बघून घ्या. दूरसंचार विभागाच्या 'संचार साथी'वर आपल्या नावावर किती सिम आहेत तेही तपासा. पैसे गेलेच, तर आधी १९३० या सायबर हेल्पलाइनला आणि लगोलग बँकेला कळवा. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे चूक ना बँकेची ना ग्राहकाची, अशा फसवणुकीत बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर भुर्दंड नाही. निष्काळजीपणा ग्राहकाचा असला, तरी बँकेला कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेच्या माथी.