शालेय आहार व शेंगदाण्याची अधिहर्षता

१९३७ च्या वर्धा परिषदेतून उदयास आलेल्या नई तालीमने सेवाग्रामात स्वयंपाकघरालाच शिक्षणाचे साधन केले. जिल्ह्यातील आजच्या शालेय आहाराचा विचारही तेथूनच करावा लागतो. भाजीत मिसळलेला शेंगदाण्याचा कूट दिसत नाही. परंतु अधिहर्षता, म्हणजे अ‍ॅलर्जी, असलेल्या मुलास त्याचा अंशही प्राणघातक ठरू शकतो, व शिजविल्याने तो धोका टळत नाही. अशा मुलाचे अन्न कूट घालण्यापूर्वीच, धुतलेल्या निराळ्या पळीने काढावे. मागाहून दाणे वेचणे व्यर्थ होय. श्वास कोंडल्यास पित्ताची गोळी देऊन वाट पाहणे अनिष्ट. मांडीच्या बाहेरील स्नायूत अ‍ॅड्रेनॅलिन तत्काळ टोचावे लागते, दर किलो वजनास ०.०१ मिलिग्रॅम या प्रमाणात. ते शाळेत सहसा नसते. म्हणून वाहन येईतो मुलास चालवू नये, निजवावे, धाप लागत असल्यास बसवावे.