बॅकअप इमेजवरून पार्टिशनची पुनःस्थापना

ग्रामपंचायतीच्या करवसुलीच्या पावत्या, शाळेचे जनरल रजिस्टर इत्यादींच्या नोंदी आता पुष्कळ ठिकाणी संगणकाच्या हार्ड डिस्कवर असतात. ही डिस्क पार्टिशन नावाच्या विभागांत वाटलेली असते. अशा एखाद्या पार्टिशनची जशीच्या तशी उतरविलेली नक्कल म्हणजे इमेज होय. संगणक बिघडल्यास इमेजवरून ते पार्टिशन पूर्ववत करता येते. मात्र या क्रियेचे स्वरूप ध्यानी न घेतल्यास दप्तर वाचण्याऐवजी नष्ट होण्याचाच संभव अधिक.

इमेज चढविणे म्हणजे असलेल्या नोंदींत भर घालणे नव्हे. निवडलेल्या पार्टिशनवर जे असेल ते पुसले जाते आणि तेथे इमेज घेतल्या दिवसाची स्थिती येते. एप्रिलअखेरची इमेज सप्टेंबरअखेर चढविली, तर मधल्या पाच महिन्यांच्या पावत्या जातील. म्हणून संगणक नेहमीप्रमाणे सुरू होत नसला, तरी प्रथम पेन ड्राइव्हवरील लिनक्सच्या साहाय्याने तो चालू करावा व वाचता येतील तेवढ्या फायली बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्याव्यात. हा वेळ वाचविण्याचा मोह होतो, तो आवरावा.

तैवानच्या राष्ट्रीय उच्चक्षमता संगणन केंद्रात तयार झालेली क्लोनझिला ही विनामूल्य प्रणाली या कामी उपयुक्त आहे. इमेज शाबूत आहे की नाही, हे आधी तपासण्याची सोयही तिच्यात आहे. तीत ‘सी’, ‘डी’ ही परिचित अक्षरे न दिसता ‘एसडीए१’, ‘एसडीबी१’ अशा धर्तीची नावे दिसतात, आणि डिस्कांचा क्रम दर वेळी तोच राहील असे नाही. यास्तव केवळ नावावर न विसंबता आकारमान पाहून पार्टिशन ओळखावे. लिहिण्यापूर्वी क्लोनझिला दोनदा संमती विचारते. युनिक्सची जुनी ‘डीडी’ आज्ञा एकदाही विचारीत नाही. नवशिक्याने तिच्या वाटेस जाऊ नये.

डिस्कमधून खटखट आवाज येत असल्यास दोष यंत्राचा समजावा व नवी डिस्क बसवावी. तीवर आखलेले पार्टिशन मुळाएवढे किंवा मोठे हवे. १०० जीबीच्या पार्टिशनमध्ये २० जीबीच मजकूर असला, तरी त्याची इमेज ६० जीबीच्या जागेत सामान्यतः चढत नाही.

काम झाल्यावर, बाजूला काढलेल्या फायली परत आणून शेवटच्या पावतीचा क्रमांक कागदी पुस्तकाशी ताडून पाहावा.